मराठवाड्याच्या वर्गातील हवामानबदल

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हवामानबदल ही संज्ञा पाठ्यपुस्तकात भेटते, त्याच्या कितीतरी आधी तिच्याशी निगडित अनुभव त्याच्या घरात शिरलेले असतात. शहरातील अनेक वसाहतींत नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने येणारे पाणी, उन्हाळ्यात खेड्यापाड्यांत टँकरभोवती लागणारी हंड्यांची रांग, पावसाने मध्येच ओढ दिल्यामुळे करावी लागणारी दुबार पेरणी, २०१२-१३ च्या दुष्काळात पैठण आणि जालना भागात वाळून गेलेल्या मोसंबीच्या बागा, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने आडवे झालेले रब्बीचे पीक आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मातीसकट वाहून गेलेला खरीप, या गोष्टी येथे घरोघरी बोलल्या जातात. वर्गात मात्र हा विषय पुष्कळदा ध्रुवाजवळच्या वितळत्या हिमनगापासून सुरू होतो आणि वृक्षारोपणाच्या घोषणेपाशी संपतो. या दोहोंच्या मधली कारणांची साखळी मोजता येते, तपासता येते आणि तिच्या आधारे सार्वजनिक निर्णयांवर बोलता येते. पण नेमकी तीच विद्यार्थ्याच्या हाती क्वचित लागते. आपल्या गावचा पाऊस, आपल्या विहिरीची पातळी आणि आपल्या नळापर्यंत पाणी आणणारी वीज यांच्या नोंदींतून ती साखळी त्याला स्वतः उलगडता आली, तरच हे शिक्षण मराठवाड्यात मुळे धरू शकेल.

शाळेत पर्यावरण शिकवण्याचा आग्रह भारतात नवा नाही. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वने, सरोवरे, नद्या आणि वन्यजीव यांच्यासह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचे निर्देश दिले आणि अंमलबजावणी रेंगाळल्यामुळे डिसेंबर २००३ मध्ये शालेय स्तरासाठी नमुना अभ्यासक्रम तयार करण्यास पुन्हा बजावले. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम आखला, तर शाळांमध्ये २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेची पथके उभी राहिली. महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना परिसर अभ्यास, माध्यमिक वर्गांना जलसुरक्षा आणि अकरावी-बारावीला पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा असे विषय आहेत. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाला जोडून, युनिसेफच्या सहकार्याने पहिली ते आठवीसाठी स्वतंत्र पाठ्यक्रमही तयार झाला. युनेस्कोने २०२१ मध्ये १०० देशांच्या अभ्यासक्रमांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी जेमतेम ५३ टक्क्यांत हवामानबदलाचा उल्लेख सापडला होता. त्या तुलनेत महाराष्ट्राच्या विद्यार्थ्याला धडे कमी मिळतात, असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती धड्याचे नाते विद्यार्थ्याच्या पायाखालच्या जमिनीशी जोडण्याची, आणि त्या दृष्टीने बालभारतीची एक परंपरा लक्ष देण्याजोगी आहे. तिसरीचे परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्हानिहाय वेगळे काढले जाते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलाने आधी आपल्या जिल्ह्याच्या नद्या, डोंगर, पिके आणि पाऊस ओळखावा व मग बाहेरच्या जगाकडे वळावे, हे तत्त्व येथे फार पूर्वी स्वीकारले गेले आहे. इयत्ता वाढत जाते तसा हा जिल्हा पुस्तकातून मागे पडतो आणि नववी-दहावीत, म्हणजे कार्यकारणभाव समजण्याच्या नेमक्या वयात, तो जवळजवळ दिसेनासा होतो.

विषयाच्या मुळाशी असलेले विज्ञान अवघड नाही, मात्र त्यातील काही भेद सुरुवातीलाच स्पष्ट करावे लागतात. एखाद्या ठिकाणची त्या-त्या वेळची तापमान, वारा, आर्द्रता आणि पाऊस यांची स्थिती म्हणजे हवा. तीच स्थिती दीर्घकाळ, साधारणपणे ३० वर्षे, नोंदवून तिची जी सरासरी आणि जे चढउतार हाती येतात ते हवामान. म्हणून एका कडक उन्हाळ्यावरून हवामान बदलले असे सिद्ध होत नाही आणि एका थंड हिवाळ्याने ते खोटेही ठरत नाही. सूर्यप्रकाशाने तापलेली पृथ्वी अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या रूपाने ऊर्जा बाहेर टाकते. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि बाष्प त्यातील काही ऊर्जा शोषून पुन्हा खाली पाठवतात, आणि याला हरितगृह परिणाम म्हणतात. हा परिणाम मुळीच नसता, तर पृथ्वी गोठलेली राहिली असती. प्रश्न त्याच्या वाढीचा आहे. औद्योगिकीकरणापूर्वी हवेच्या दर १० लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, ते आता ४२० च्या पुढे गेले आहेत आणि ही वाढ प्रामुख्याने कोळसा, खनिज तेल व वायू जाळल्यामुळे झाली आहे. ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रातून ऊन आत येते व त्यामुळे पृथ्वी तापते, ही समजूत जगभरच्या विद्यार्थ्यांमध्ये आढळल्याचे शिक्षणविषयक संशोधनात वारंवार नोंदले गेले आहे. ओझोनचा ऱ्हास आणि तापमानवाढ या दोन वेगळ्या घटना असून त्यांची प्रमुख कारणेही वेगळी आहेत, हे शिक्षकाने मुद्दाम सांगितले नाही, तर विद्यार्थी उपायही चुकीच्या दिशेने शोधू लागतो.

यापुढची पायरी मराठवाड्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. अशी हवा जमिनीतला ओलावा अधिक वेगाने ओढून घेते, आणि पाऊस पाडण्याजोगी स्थिती आली की साठवलेले बाष्प थोड्या वेळात रिते करते. म्हणून तापणाऱ्या जगात पावसाचे मोठे खंड आणि ढगफुटीसारखा पाऊस हे परस्परविरोधी अनुभव एकाच कारणातून, कधी कधी एकाच हंगामात, पदरात पडू शकतात. २०१४ आणि २०१५ या सलग दोन पावसाळ्यांत मराठवाड्याच्या पावसात सरासरीच्या ४० टक्क्यांच्या आसपास तूट आली, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि पुढे त्याच प्रदेशात अतिवृष्टीने पिके कुजली. ‘पाऊस कमी झाला’ किंवा ‘पाऊस वाढला’ अशा एका वाक्यात हे चित्र मावत नाही, आणि वार्षिक सरासरीचा आकडा तर ते झाकूनच टाकतो.

मात्र येथे शिक्षकाला प्रामाणिकपणाची एक परीक्षाही द्यावी लागते. दख्खनला दुष्काळ अनोळखी नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळ, १६३०-३२ चा भीषण दुष्काळ, १८७६-७८ चा दुष्काळ आणि आजही वृद्धांच्या बोलण्यात कालगणनेची खूण म्हणून येणारा १९७२ चा दुष्काळ, हे सारे सध्याच्या तापमानवाढीने आजची पातळी गाठण्यापूर्वीचे आहेत. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे हा प्रदेश मुळातच अवर्षणप्रवण आहे. त्यामुळे प्रत्येक दुष्काळ हवामानबदलाच्या नावावर टाकणे हे शास्त्राला धरून नाही. शिवाय त्यात एक धोका असा की, पाणलोटाकडे झालेले दुर्लक्ष, विंधनविहिरींची स्पर्धा, पाणी पिणाऱ्या पिकांची निवड आणि वाटपातील विषमता ही माणसाच्या हातातील कारणे नजरेआड होतात. आधीपासून असलेल्या दुबळेपणावर वाढत्या तापमानाचा ताण कसा पडतो, हे दाखवणे अधिक खरे आहे आणि विद्यार्थ्याला विचार करायला लावणारेही आहे.

हा विचार नोंदींवाचून होत नाही. वातावरणातील कार्बन डायऑक्साइड सतत वाढतो आहे हे जगाला पटले, ते हवाई बेटांवरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे दशकानुदशके चालत राहिलेल्या मोजणीमुळे. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ ची आहे, आणि चिकलठाण्याच्या वेधशाळेतील तापमान शहरातील वृत्तपत्रांत रोज छापून येते. शाळेच्या पटांगणात बसवलेला साधा पर्जन्यमापक याच परंपरेत मोडतो. त्यातील पाणी रोज ठरलेल्या वेळी मोजायचे, तारखेसह लिहायचे, पाऊस नसेल तर शून्य लिहायला विसरायचे नाही, आणि हंगामाच्या अखेरीस एकूण पाऊस, पावसाचे दिवस, सर्वांत मोठा खंड व एका दिवसातील सर्वाधिक पाऊस हे चार आकडे काढायचे, एवढ्या कामात शास्त्रीय शिस्तीचा मोठा भाग सामावलेला आहे. त्यातही खंडाचा आकडा शेतकऱ्याच्या मुलाला आपोआप कळतो, कारण जुलै-ऑगस्टमध्ये तीन आठवडे पाऊस नसणे म्हणजे कापसाचे आणि मक्याचे काय होते, हे त्याने पाहिलेले असते.

पावसाच्या आकड्याला अर्थ येतो तो गणिताने. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हे सूत्र पाचवीच्या मुलालाही कळते आणि त्यावर पुष्कळ मोठी इमारत उभारता येते. शाळेचे छप्पर २०० चौरस मीटरचे असेल आणि वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटर धरला, तर छपरावर १ लाख २० हजार लिटर पाणी पडते. शाळेत ३०० मुले असतील आणि प्रत्येकाला पिण्यासाठी दिवसाला दोन लिटर लागत असतील, तर एवढे पाणी २०० दिवस पुरेल. गळती, बाष्पीभवन आणि पहिल्या पावसाचे सोडून द्यावे लागणारे पाणी यांसाठी पाचवा हिस्सा वजा केला तरी १६० दिवस उरतात. हेच गणित शेताला लावले की एका हेक्टरवर ६०० मिलिमीटर पावसाने ६० लाख लिटर पाणी पडते, आणि उसाला सबंध वाढीच्या काळात २ हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, म्हणजे त्या शेतावर पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहून अधिक पाणी दुसरीकडून आणावे लागते, हे विद्यार्थी स्वतःच काढू शकतो. हा निष्कर्ष कोणी त्याच्यावर लादलेला नसतो. घरी ऊस असलेल्या मुलाला तो अवघड वाटेल, पण आकडा त्याच्या हातचा असल्यामुळे त्याला तो टाळताही येणार नाही.

पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते, हे समजण्यासाठी पायाखालचा दगड ओळखावा लागतो. जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट या काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. ज्वालामुखीय लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तो बनला. अखंड कातळात पाणी जवळजवळ मुरत नाही. ते साठते वरच्या मुरुमात, झिजलेल्या थरात आणि भेगांत. त्यामुळे येथील भूजलाचा साठा गाळाच्या मैदानी प्रदेशाच्या तुलनेत फार कमी आहे आणि एका चांगल्या पावसाळ्यात भरणारी विहीर एका वाईट हंगामात तळ गाठते. खोल विंधनविहीर घेतल्याने हा साठा वाढत नाही. उलट शेजारच्या उथळ विहिरीचे पाणी तिच्याकडे ओढले जाण्याची शक्यता असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातील निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून ठरावीक वेळी मोजते. शाळेजवळच्या एका विहिरीत दोरी आणि वजन सोडून विद्यार्थ्यांनी दर महिन्याला पातळी मोजली, आणि ती पर्जन्यमापकाच्या नोंदीशेजारी मांडली, तर पाऊस आणि भूजल यांच्यातील कालांतर त्यांना आलेखावर दिसू लागते. पुढे गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडता येतो: पडले किती, अडवले किती, पिकांना, जनावरांना आणि माणसांना लागते किती. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने असा ताळेबंद ग्रामसभेत मांडून त्यावर पिके ठरवण्याची पद्धत रुजवली, आणि जालना जिल्ह्यातील कडवंचीने पाणलोट विकासाच्या आधारावर अवर्षणप्रवण भागात द्राक्षबागा उभ्या केल्या. संभाजीनगरच्या विद्यार्थ्याला ही गावे सहलीच्या अंतरावर आहेत.

शहरी विद्यार्थ्यासाठी शहर हेच पाठ्यपुस्तक ठरू शकते, आणि या शहराइतके समृद्ध पाठ्यपुस्तक थोड्याच शहरांना लाभले असेल. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे वसवलेल्या या नगरासाठी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमिगत नहरीची योजना आखली गेली. उत्तरेकडील डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या बांधीव मार्गांनी आणि भाजलेल्या मातीच्या नळांनी शहरात आणले गेले, नळांतील दाब आणि हवा यांचे नियमन करण्यासाठी वाटेत मनोरे उभारले गेले, आणि सारे काम केवळ उताराच्या बळावर चालले. याच तंत्राने आणलेल्या पाण्यावर पाणचक्कीचे जाते फिरत असे. आज शहराचे पाणी चाळीसेक किलोमीटरवरील नाथसागरातून, म्हणजे पैठणच्या जायकवाडी जलाशयातून, पंपांनी उचलून आणले जाते आणि जलाशय व शहर यांच्या उंचीत साधारण १०० मीटरचा फरक आहे. एक हजार लिटर पाणी १०० मीटर उचलण्यासाठी किमान ०.२७ युनिट वीज लागते. पंपाची अपुरी कार्यक्षमता आणि लांब जलवाहिनीतील घर्षण धरले तर प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच वाढतो, आणि कोळशावर तयार होणाऱ्या एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गळक्या वाहिनीतून वाया जाणाऱ्या पाण्याबरोबर काय काय वाया जाते, हे दहावीच्या भौतिकशास्त्राच्या सूत्रांनी विद्यार्थ्याला सांगता येईल. या गणिताची दुसरी बाजू परळीला दिसली: औष्णिक वीजकेंद्राला थंड ठेवण्यासाठी पाणी लागते, आणि २०१३ व पुन्हा २०१५ मध्ये पाणीटंचाईमुळे परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. पाण्यासाठी वीज आणि विजेसाठी पाणी, आणि दोन्हींची कोंडी दुष्काळात एकाच वेळी, हे परस्परावलंबन समजले की ऊर्जेचे धडे आणि पाण्याचे धडे वेगळे राहत नाहीत.

पाणचक्कीजवळून वाहणारी खाम नदी हा याच पुस्तकातील दुसरा अध्याय आहे. शहराचे सांडपाणी वाहून नेणारी ही नदी पुढे गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी जायकवाडीच्या जलाशयात जाते. म्हणजे शहर ज्या जलाशयातून पाणी पिते त्यातच आपले सांडपाणी सोडते. २०२१ पासून महानगरपालिका, इकोसत्त्व ही संस्था आणि वेरॉक उद्योगसमूह यांच्या सहभागाने नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम सुरू झाले, नदीकाठचा कचरा हटवून काही पट्ट्यांत देशी झाडे आणि मोकळ्या जागा तयार करण्यात आल्या. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना केवळ झाडू घेऊन उभे करण्यापेक्षा, नदीच्या तीन-चार ठिकाणचे पाणी तपासायला लावणे अधिक मोलाचे आहे: विद्राव्य ऑक्सिजन, म्हणजे पाण्यात विरघळलेला आणि जलचरांना श्वसनासाठी लागणारा ऑक्सिजन, वरच्या भागात किती आणि शहर ओलांडल्यावर किती, पावसाळ्यात किती आणि मे महिन्यात किती. कचऱ्याचेही तसेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव येथील कचरा डेपोला ग्रामस्थांनी विरोध केला, शहराचा कचरा अनेक आठवडे रस्त्यांवर पडून राहिला आणि प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. एकत्र ढिगाऱ्यात हवेअभावी कुजणारा ओला कचरा मिथेन सोडतो, आणि मिथेनची उष्णता अडवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट आहे; तोच कचरा वेगळा ठेवून खेळत्या हवेत खत केला तर मिथेन फारसा बनत नाही. शाळेच्या मध्यान्ह भोजनातील उष्टे आणि भाजीची साले यांचे आठवड्याचे वजन करून हा धडा आवारातच शिकवता येतो.

कृतीचा प्रश्न आला की बहुतेक शाळांमध्ये उत्तर एकच असते, ते म्हणजे वृक्षारोपण. ५ जूनला किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यातील वनमहोत्सवात खड्डे खणले जातात, छायाचित्रे घेतली जातात, आणि पुढच्या जूनला पुष्कळदा त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपे लागतात. राज्य शासनाने २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला होता. एवढ्या मोठ्या संख्येपुढे एका शाळेने लावलेल्या ४० रोपांपैकी तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती जगली हा आकडा लहान वाटेल, पण शिक्षणाच्या दृष्टीने तोच खरा आहे. तो काढायचा तर रोपाला क्रमांक द्यावा लागतो, दर तीन महिन्यांनी उंची मोजावी लागते आणि मेलेल्या रोपाचे कारण लिहावे लागते. जातींची निवडही यातूनच शिकता येते: कडुनिंब, पळस, अंजन, धावडा, बाभूळ, बोर यांसारखी कोरड्या पानझडी प्रदेशातील झाडे कमी पाण्यावर तग धरतात, आणि कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात त्यांचे नैसर्गिक साहचर्य पाहता येते. याहून अवघड, पण आवश्यक असा मुद्दा माळरानांचा आहे. गवताळ माळ म्हणजे ओसाड पडीक जमीन ही समजूत चुकीची असून तो लांडगा, काळवीट, चंडोल आणि तणमोर यांचा अधिवास आहे, त्याच्या मातीत कार्बन साठलेला असतो आणि मेंढपाळांची उपजीविका त्यावर चालते. अशा माळावर दाट झाडी लावणे हे पर्यावरणाचे काम ठरत नाही. झाड लावण्यापूर्वी जागा समजून घ्यावी लागते, ही गोष्ट विद्यार्थ्याला शाळेत कळली नाही तर मोठेपणी तो अधिकारी किंवा सरपंच झाल्यावरही कळणार नाही.

विद्यार्थ्यांच्या कृतीच्या मर्यादाही त्यांना खरेपणाने सांगायला हव्यात. भारताचे कार्बन डायऑक्साइडचे दरडोई उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन, म्हणजे जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, आणि खेड्यातील जिल्हा परिषद शाळेत शिकणाऱ्या मुलाचा वाटा त्याहूनही कितीतरी कमी असणार. ज्याच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे आहेत त्याला विजेच्या बचतीचा उपदेश करून अपराधी वाटायला लावणे अन्यायाचे आहे. हवामानविषयक धोरणात शमन आणि अनुकूलन असे दोन शब्द येतात. उत्सर्जन कमी करणे म्हणजे शमन, आणि जो बदल टळणार नाही त्याला तोंड देण्याची तयारी करणे म्हणजे अनुकूलन. मराठवाड्यातील मुलांच्या दृष्टीने दुसरा शब्द अधिक निकडीचा आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ मध्ये सुरू झालेला आणि शेतकऱ्यांमध्ये ‘पोकरा’ या नावाने ओळखला जाणारा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प मराठवाडा-विदर्भातील हजारो गावांत हेच काम करतो. त्यातील रुंद वरंबा-सरी पद्धतीत पीक वरंब्यावर असते. पाऊस कमी पडला तर सरीत ओल टिकते आणि जास्त पडला तर सरीतून पाणी निघून जाते. खंड आणि अतिवृष्टी या दोन्हींवरचे हे एकच उत्तर असल्यामुळे, शाळेच्या परसबागेत निम्मा वाफा सपाट आणि निम्मा वरंबा-सरीचा करून एका हंगामात तुलना करता येण्यासारखी आहे.

वरच्या वर्गांत याच्या पुढे जाऊन पाण्याच्या न्यायाची चर्चा झाली पाहिजे, कारण हवामान बदलते तेव्हा टंचाईची झळ सर्वांना सारखी बसत नाही. २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते, आणि तसे वर्ष आले की दोन्हीकडे आंदोलने होतात. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने येथील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला होता. त्यावर उद्योगांतील रोजगाराचा प्रतिवादही झाला. अलीकडे नाथसागरावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याची योजना पुढे आली. जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, मासेमारीवर जगणारी कुटुंबे काठावर आहेत, आणि त्यांच्या संघटनेने दिलेले आव्हान २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. स्वच्छ वीज, स्थलांतरित पक्षी आणि मासेमारी यांपैकी कोणीही येथे खलनायक नाही. वर्गातील एका गटाने मच्छीमारांची, दुसऱ्याने वीज कंपनीची, तिसऱ्याने पक्षी-अभ्यासकाची आणि चौथ्याने जिल्हाधिकाऱ्याची बाजू कागदपत्रांच्या आधारे मांडली, तर नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील ‘सार्वजनिक हित’ या शब्दाला प्रथमच वजन येईल.

शाळेत शिकलेले घरी पोचते का, या शंकेला संशोधनाने बरेचसे आश्वासक उत्तर दिले आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनामध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्थानिक परिसराशी जोडून हवामानबदल शिकलेल्या मुलांच्या पालकांचीही या विषयाबद्दलची आस्था वाढल्याचे दिसले, आणि मुलींचा प्रभाव विशेष जाणवला. मात्र मराठवाड्यात या संवादाला एक हळवी बाजू आहे. नापिकीने आणि कर्जाने ज्या घरातील कर्ता पुरुष गेला, त्या घरातील मूल वर्गात बसलेले असते, आणि भविष्यातील आपत्तींचे आकडे त्याच्यासमोर उघडे करून ठेवणे हे शिक्षण नव्हे. अशा वर्गात प्रत्येक संकटाच्या माहितीबरोबर त्यावर चाललेल्या कामाची माहिती यावी, आणि मुलाला स्वतःच्या हाताने पूर्ण करता येईल अशी एखादी गोष्ट सोपवली जावी, ही अध्यापनाची किमान मर्यादा मानली पाहिजे.

आणखी एक वर्ग असा आहे की जो या धड्याला बसतच नाही. बीड आणि जालना यांच्याबरोबर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातूनही दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुलांना मागे ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, तरी अनेक मुले कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या तात्पुरत्या झोपड्यांत, आईवडिलांबरोबर राहतात. कोरडवाहू शेती पोट भरत नाही म्हणून गाव सुटते, आणि जे पीक तोडायला ती कुटुंबे जातात ते सर्वाधिक पाणी पिणारे असते. हवामान, पाणी, पीकपद्धती आणि मजुरी यांचे नाते या मुलांइतके जवळून कोणी पाहिलेले नसते. त्यांच्यासाठी विषय सोपा करण्याची गरज नाही. जूनमध्ये शाळा उघडताना त्यांनी पाहिलेल्या कालव्यांची, फडांची आणि पाण्याच्या पाळ्यांची माहिती वर्गाने त्यांच्याकडून घ्यावी आणि नकाशावर मांडावी, एवढी जागा वेळापत्रकात असली पाहिजे.

या सर्वांत शिक्षकावर पडणारा भार दुर्लक्षून चालणार नाही. अकरावी-बारावीच्या पर्यावरण विषयात प्रकल्पाला महत्त्व असले, तरी प्रवेशपरीक्षांच्या धावपळीत स्टेशनरीच्या दुकानातून तयार प्रकल्प विकत आणून जमा करण्याची वाट विद्यार्थी धरतात आणि त्याकडे काणाडोळा केला जातो. याउलट १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयोगटातील मुले लहान गटांत स्थानिक प्रश्नावर स्वतः माहिती गोळा करून निष्कर्ष मांडतात, आणि १९३७ च्या वर्धा परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीमने हस्तोद्योग व परिसर यांच्याभोवतीच सर्व विषय गुंफण्याची कल्पना मांडली होती. म्हणजे पद्धत शोधत फार दूर जावे लागत नाही. संभाजीनगरमध्ये १९८० पासून वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, अभियंत्यांना आणि शेतकऱ्यांना प्रशिक्षण देते, विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे आणि १९९३ चे स्टॉकहोम जल पारितोषिक मिळवणारे डॉ. माधवराव चितळे यांच्यामुळे जलसाक्षरतेच्या चळवळीला येथे दीर्घ वारसा लाभला आहे. या संस्थांनी तालुक्यातील पाच-दहा शाळांना जरी नोंदवहीचा सारखा नमुना, मोजमापाची साधने आणि वर्षातून दोनदा आकडे तपासून देणारा माणूस पुरवला, तर पाऊस व विहिरींच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहता येतील. शिक्षकाची बदली झाली तरी नोंदवही शाळेच्या दप्तरात राहावी आणि प्रभार देताना तिची पोच घेतली जावी, एवढा नियम जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला एका परिपत्रकाने करता येण्यासारखा आहे.